क्रियापदाची चार रूपे आणि काळाचा एकच शिक्का

दहावीच्या इंग्रजीच्या बहुतेक मार्गदर्शकांत काळांचा एक तक्ता ठरलेला असतो. डावीकडे वर्तमान, भूत आणि भविष्य, वरच्या ओळीत साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण, अशी एकूण बारा घरे, आणि प्रत्येक घरात एक सूत्र व एक उदाहरण. मी संध्याकाळी मराठी माध्यमातील काही मुलांना इंग्रजी शिकवते आणि या तक्त्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. तक्त्यात चूक काहीच नसते. मात्र तो पाहणाऱ्या मुलाची अशी समजूत होते की, एकाच क्रियापदाच्या बारा निरनिराळ्या गोष्टी पाठ करायच्या आहेत, आणि मग ते मूल तो खरोखरच पाठ करते. तक्ता धडाधड म्हणून दाखवणारे मूल पुढच्याच मिनिटाला 'डिड यू ओपन्ड द डोअर?' असे विचारते, तेव्हा पाठांतराने नेमके काय साधले, हा प्रश्न पडतो.

वस्तुस्थिती अशी की, इंग्रजीतील नियमित क्रियापदाला सगळी मिळून चार रूपे असतात. ओपन, ओपन्स, ओपनिंग, ओपन्ड, संपले. आपल्या 'उघडणे'शी तुलना केली, तर ही कमालीची काटकसर आहे. मराठीत दरवाजा उघडला, खिडकी उघडली, दार उघडले, खिडक्या उघडल्या. शिवाय हे उघडण्याचे काम त्याने केले, तिने केले की त्यांनी केले, याने क्रियापदात काही फरक पडत नाही, कारण भूतकाळात आपले सकर्मक क्रियापद कर्त्याचे न ऐकता कर्माचे ऐकते. अकर्मक घेतले, तर ते पुन्हा कर्त्याकडे वळते आणि मी चाललो, मी चालले, तू चाललास, तू चाललीस, ती चालली, त्या चालल्या असा मोठा पसारा उभा राहतो. इतका पसारा बोलता बोलता सहज सांभाळणाऱ्या मुलांना चार रूपे जड का जावीत? माझ्या मते ती रूपे जड जातच नाहीत. काळ नेमका कोठे बसतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि अडचण तेथे असते.

बारा घरांचा तोच तक्ता घ्यावा आणि त्यातील मुख्य क्रियापद तेवढे पाहावे. चालू काळांच्या तीन आणि चालू पूर्ण काळांच्या तीन, अशा सहा घरांत 'ओपनिंग' हेच एक रूप आहे. पूर्ण काळांच्या तीन घरांत आणि साध्या भूतकाळाच्या एका घरात, म्हणजे एकूण चार ठिकाणी, 'ओपन्ड' आहे. उरलेल्या दोन घरांपैकी साध्या भविष्यकाळात मूळ रूप आहे आणि साध्या वर्तमानकाळात मूळ रूप किंवा 'ओपन्स' आहे. याचा अर्थ मुख्य क्रियापद जवळजवळ स्थिरच असते. बदलतो तो त्याच्या आधी येणारा शब्द. 'हॅज ओपन्ड', 'हॅड ओपन्ड', 'विल हॅव ओपन्ड' या तिन्हींत शेवटचा शब्द तसाच राहिला, काळ फक्त पहिल्या शब्दाने सांगितला. 'इज ओपनिंग' आणि 'वॉज ओपनिंग' यांतही तेच घडते.

मुलांना मी हे एका वाक्यात सांगते: क्रियापदांच्या साखळीत काळाचा शिक्का एकदाच बसतो आणि तो साखळीतल्या पहिल्या शब्दावर बसतो. पुढच्या प्रत्येक शब्दाचे रूप त्याच्या लगतच्या आधीचा शब्द ठरवतो. 'हॅव'च्या कुळातील शब्दानंतर 'ओपन्ड' येते, 'बी'च्या कुळातील शब्दानंतर 'ओपनिंग' येते, आणि 'विल' किंवा 'डू' आला, तर पुढे मूळ रूप येते. कर्मणी प्रयोगात 'बी'नंतर 'ओपन्ड' येते, एवढीच भर नंतर घालावी लागते. 'हॅज बीन ओपनिंग' ही साखळी घेतली, तर काळ 'हॅज'वर आहे, 'हॅज' आहे म्हणून 'बीन' आहे, आणि 'बीन' आहे म्हणून 'ओपनिंग' आहे. एवढे समजले की बारा सूत्रांची गरज उरत नाही, ती मुलांना स्वतःच मांडता येतात. भविष्यकाळासाठी मुख्य क्रियापदाला स्वतंत्र रूपच नाही, हेही येथेच लक्षात येते, आणि म्हणूनच इंग्रजीचे अनेक व्याकरणकार रूपाच्या दृष्टीने त्या भाषेत वर्तमान आणि भूत असे दोनच काळ मानतात.

आता त्या 'डिड यू ओपन्ड'कडे वळू. ही चूक आळसातून होत नाही, उलट अतिदक्षतेतून होते. 'तू दार उघडलेस का?' या मराठी प्रश्नात भूतकाळ 'उघडलेस'मध्येच आहे आणि 'का' हा शब्द काळाच्या बाबतीत पूर्णपणे उदासीन आहे. त्यामुळे मुलाला 'डिड' म्हणजे केवळ 'का' वाटतो आणि भूतकाळ आपण अजून सांगितलाच नाही, असे समजून ते 'ओपन्ड'ही घालते. 'डिड'नंतर मूळ रूप वापरावे, हा नियम त्याला तोंडपाठ असतो, पण त्याचे कारण ठाऊक नसते.

ते कारण पटवण्यासाठी इंग्रजीकडे जाण्याची गरजच नाही, असे मला हळूहळू दिसू लागले. आपण सर्वजण रोज 'गाणे डाउनलोड केले', 'फोटो फॉरवर्ड केला', 'बाबांना ॲडमिट केले', 'आजोबा रिटायर झाले' असे बोलतो. ही सगळी इंग्रजी क्रियापदे आपण मूळ रूपात उचलली आहेत आणि काळ, लिंग, वचन यांचा सगळा भार 'करणे' किंवा 'होणे' या क्रियापदावर टाकला आहे. 'डाउनलोडेड केले' असे कोणी म्हणत नाही, कारण भूतकाळ 'केले'ने सांगून झालेला असतो आणि तो दुसऱ्यांदा सांगण्याची गरज कोणालाच भासत नाही. 'डिड यू डाउनलोड?' यात इंग्रजी भाषा नेमके हेच करते: 'डिड' हे तिचे 'केले' आहे आणि 'डाउनलोड' मूळ रूपात मोकळे आहे. शब्दांचा क्रम उलटा आहे, व्यवस्था मात्र तीच आहे. हे एकदा दाखवले की 'डिड' आणि 'डिडन्ट' यांच्या चुका लक्षणीय कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

यात आणखी एक गंमत आहे. 'ओपन्ड'च्या शेवटी असलेला 'ड' मुळात कोठून आला, याविषयी भाषाशास्त्रज्ञांमध्ये वाद असला, तरी त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मान्य असलेले एक मत असे आहे की, तो 'डू' या क्रियापदाच्या प्राचीन भूतकाळी रूपाचा झिजलेला अवशेष आहे. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातील आहे, त्याच कुळातील गॉथिक भाषेत चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचे भाषांतर केले. त्या गॉथिकमध्ये 'मी वाचवले' याला 'नसिदा' असा लहानसा शब्द आहे, पण 'आम्ही वाचवले' याला 'नसिदेदुम' असे लांब रूप आहे आणि त्यातील 'देदुम' हा भाग 'आम्ही केले' या अर्थाच्या जुन्या रूपासारखा दिसतो. हे मत खरे असेल, तर 'ओपन्ड' म्हणजे एके काळचे 'ओपन केले'च होय, फक्त दोन्ही शब्द चिकटून एक झाले. त्या दृष्टीने 'डिड यू ओपन्ड' म्हणजे 'तू ओपन केले केलेस का' असे होते, आणि मुले यावर मनापासून हसतात.

आपल्या 'उघडला'मधील 'ला'चा उगम मात्र वेगळा आहे. संस्कृतातील 'गत', 'कृत' यांसारखी धातुसाधिते प्राकृतात 'इल्ल' हा प्रत्यय घेऊन पुढे आली आणि त्यांतून 'गेला', 'केला' ही रूपे घडली. ती मुळात विशेषणासारखी असल्यामुळेच आजही नामाप्रमाणे लिंग-वचन बदलतात. इंग्रजीच्या भूतकाळाला हा वारसा नाही, म्हणून 'शी ओपन्ड', 'ही ओपन्ड' आणि 'दे ओपन्ड' यांत काडीचाही फरक नसतो.

उच्चाराकडे मराठी माध्यमात फारसे लक्ष दिले जात नाही, आणि तेथे लिपीही आपल्याला थोडी फसवते. शेवटी ई आणि डी ही अक्षरे दिसली की आपण देवनागरीत निरपवादपणे 'ड' लिहितो आणि लिहितो तसे वाचतो: वॉक्ड, स्टॉप्ड, वॉच्ड. प्रत्यक्षात या तिन्ही शब्दांच्या शेवटी 'ट' ऐकू येतो: वॉक्ट, स्टॉप्ट, वॉच्ट. 'ओपन्ड', 'प्लेड', 'लव्ह्ड' यांत 'ड' राहतो, आणि 'वॉन्टेड', 'नीडेड' यांत मध्ये एक ऱ्हस्व स्वर येऊन शब्दाचे एक अक्षर, म्हणजे उच्चाराचा एक तुकडा, वाढते. यामागचा नियम मराठी मुलांसाठी अगदी ओळखीचा आहे, कारण कठोर आणि मृदू व्यंजने ती व्याकरणाच्या तासाला शिकलेली असतात. धातूचा शेवट कठोर ध्वनीने झाला, तर 'ट'. स्वराने किंवा मृदू ध्वनीने झाला, तर 'ड'. आणि मुळातच 'ट' किंवा 'ड' असेल, तर दोन सारखे ध्वनी वेगळे ऐकू यावेत म्हणून मध्ये स्वर.

हा शुद्ध व्यंजनसंधी आहे. सत् आणि गुण मिळून सद्गुण होतो, विपद् आणि काल मिळून विपत्काल होतो, त्यामागचे तत्त्वही हेच: शेजारचे ध्वनी एकमेकांसारखे व्हायला पाहतात. फरक दिशेचा आहे. संस्कृतात पुढचा ध्वनी मागच्याला बदलतो. 'गुण'मधील मृदू 'ग'मुळे 'त्'चा 'द्' झाला. इंग्रजीत मागचा ध्वनी पुढच्याला बदलतो. 'वॉक'मधील कठोर 'क'मुळे 'ड'चा 'ट' झाला. 'लाफ' हा शब्द मी नेहमी चाचणीसाठी विचारते. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी जी आणि एच आहेत, ऐकू येतो 'फ', आणि म्हणून उच्चार 'लाफ्ट'. नियम अक्षरांना लागू नाही, ध्वनीला लागू आहे, हे या एका शब्दाने कळते.

पूर्वी इंग्रजीत हा प्रत्यय बऱ्याच ठिकाणी स्वरासह उच्चारला जात असे. पुढे तो स्वर बहुतेक ठिकाणी गळाला, परंतु काही विशेषणांत टिकून राहिला. 'विकेड' आणि 'नेकेड' ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. न्यायालयात प्रतिपक्षाच्या वकिलाचा उल्लेख 'माय लर्नेड फ्रेंड' असा होतो, तेव्हा 'लर्नेड'मधील शेवटचे अक्षर स्पष्ट ऐकू येते, पण 'आय लर्न्ड इट' म्हणताना ते नाहीसे होते.

स्पेलिंगविषयी थोडक्यात. 'स्टॉप'मध्ये पी दुप्पट होतो, 'ओपन'मध्ये एन दुप्पट होत नाही, आणि 'ॲडमिट'मध्ये टी दुप्पट होतो. एकाक्षरी, म्हणजे उच्चाराचा एकच तुकडा असलेल्या शब्दात एका लघु स्वरानंतर एकच व्यंजन असेल, तर ते दुप्पट होते. शब्द अनेकाक्षरी असेल, तर आघात, म्हणजे उच्चारातील जोर, शेवटच्या अक्षरावर असल्यासच दुप्पट होते. 'ओपन'चा आघात पहिल्या अक्षरावर, 'ॲडमिट'चा दुसऱ्यावर. 'ट्रॅव्हल'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असूनही ब्रिटिश पद्धतीत एल दुप्पट लिहितात आणि अमेरिकन पद्धतीत एकच. आपल्या पाठ्यपुस्तकांत ब्रिटिश पद्धत असते आणि मोबाइलच्या कळफलकाला बऱ्याचदा अमेरिकन आवडते, त्यामुळे बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली लाल रेघ आलेली पाहून मुले गोंधळतात. वायच्या आधी व्यंजन असेल, तर वायचा आय होतो ('स्टडी'), स्वर असेल, तर होत नाही ('प्ले'). यापलीकडे या विषयात फार काही नाही.

नियमित क्रियापदे म्हणजे सोपी आणि म्हणून दुय्यम, असा एक समज आहे, तो मला पटत नाही. इंग्रजीत आज नवे क्रियापद तयार झाले की ते नियमितच होते. 'गूगल्ड' हे रूप कोणी बसून ठरवले नाही. जुनी अनियमित क्रियापदेही या बाजूला सरकत आली आहेत. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतला, तेव्हा मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी १४५ आणि आजच्या इंग्रजीत ९८ अनियमित उरलेली आढळली. जे क्रियापद शंभरपट कमी वापरले जाते, ते दहापट वेगाने नियमित होते, असे गणितही त्यांनी मांडले. 'हेल्प' हे आजचे अत्यंत साधे नियमित क्रियापद, पण १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्याचे 'होल्पन' असे रूप आढळते. क्वचित प्रवाह उलटाही वाहतो: त्याच बायबलमध्ये 'डिग'चे 'डिग्ड' आहे आणि आपण आज 'डग' पाठ करतो.

नियमाचा हा जोर लहान मुलांमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. भाषा-अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना मुद्दाम बनवलेले, कधीही न ऐकलेले शब्द दिले आणि त्यांची रूपे विचारली. बहुतेक मुलांनी अशा क्रियापदांनाही योग्य प्रत्यय लावून दाखवला. आपल्याकडे लहान मूल 'मी करलं' म्हणते, तेव्हा तेही तेच करत असते. 'केलं' हे रूप त्याने ऐकलेले असते, पण त्या वयात नियम ऐकीव रूपावर मात करतो.

रूपे झाली, आता ती वापरायची कोठे, हा प्रश्न उरतो, आणि खरी कसोटी येथेच लागते. तक्त्यात मराठी आणि इंग्रजी काळांची नावे समोरासमोर लिहिलेली असल्यामुळे अर्थही तसेच जुळत असतील, असे मुलांना वाटते. 'हा चित्रपट मी गेल्या वर्षी पाहिला आहे' हे निर्दोष मराठी आहे. त्यावरून केलेले 'आय हॅव वॉच्ड धिस फिल्म लास्ट इयर' हे मात्र चुकीचे ठरते, कारण इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ नावाप्रमाणे वर्तमानाशी बांधलेला आहे आणि 'गेल्या वर्षी' असा संपलेला काळ सांगितला की तेथे 'वॉच्ड' एवढेच चालते. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहत आहे' याचे 'आय ॲम लिव्हिंग' करतात, तेथे मात्र 'आय हॅव बीन लिव्हिंग' हवे. राहणे पूर्वी सुरू होऊन आजवर आले आहे, हे इंग्रजीला क्रियापदातच सांगावे लागते. 'लहानपणी आम्ही नदीवर खेळत असू' या रीतिभूतकाळासाठी मुले 'वी वेअर प्लेइंग' लिहितात, कारण 'खेळत' हे रूप पाहून त्यांना चालू काळ वाटतो. इंग्रजीत साधे 'वी प्लेड' पुरेसे असते, फार तर 'वी यूज्ड टू प्ले'.

येथे आपल्या जुन्या व्याकरणकारांची एक पद्धत फार उपयोगी पडते. त्यांनी क्रियापदाच्या रूपांना अर्थावरून नावे न देता प्रत्ययावरून दिली: करतो हे ताख्यात, केला हे लाख्यात, करील हे ईलाख्यात, करावा हे वाख्यात. लाख्यात म्हणजे भूतकाळ असे ते म्हणत नाहीत, कारण ते तसे नसतेच. मित्र अजून अर्ध्या रस्त्यात असतो आणि फोनवर 'पोहोचलोच' म्हणतो. रूप लाख्याताचे, अर्थ लवकरच घडणाऱ्या क्रियेचा. हे 'आय रीच्ड' असे इंग्रजीत नेले, तर समोरचा माणूस दार उघडायला जाईल. ही नावे पाठ्यपुस्तकांतून जवळपास गेली आहेत, याचे मला वाईट वाटते. किचकट वाटली, तरी रूप आणि अर्थ वेगळे ठेवण्याची सवय त्यांनी लावली असती.

याच भेदावर सर्वांत जास्त मुले अडखळतात ते वाक्य म्हणजे 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल'. पाऊस अजून पडलेला नाही, तरी मराठीत लाख्यात आले, म्हणून उत्तरपत्रिकेत 'इफ इट रेन्ड, द मॅच विल बी कॅन्सल्ड' उतरते. इंग्रजीत येथे 'इफ इट रेन्स' हवे. 'रेन्ड' हे रूप 'इफ'नंतर जरूर येऊ शकते, पण मग पुढे 'विल'च्या जागी 'वुड' येतो आणि वाक्याचा अर्थ पाऊस पडण्याची शक्यता कमी आहे, असा होतो. 'पडला असता तर' हे घडून न गेलेल्या गोष्टीचे वाक्य आणखी एक पायरी मागे जाते आणि तेथे 'हॅड रेन्ड' लागते, पुढे 'वुड हॅव बीन कॅन्सल्ड'. तिन्ही वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून प्रत्येक साखळीत शिक्का कोणत्या शब्दावर बसला आहे, ते मी मुलांना अधोरेखित करायला सांगते: 'रेन्स' आणि 'विल', 'रेन्ड' आणि 'वुड', 'हॅड' आणि 'वुड'. यानंतर 'कॅन्सल्ड' तिन्ही ठिकाणी तसेच का राहिले, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी सांगते.